पेल्यांची उतरंड

सास्तूरच्या स्टँडवर एसटी हलली तेव्हा आईनं खिडकीतून एक पिशवी आत ढकलली. मला वाटलं शेंगदाण्याची चटणी असेल. निघाले चार स्टीलचे पेले. "रोज सांजच्याला दारापाशी रचून ठेव," ती ओरडली. मी हसले. माझ्या जन्माआधीच्या भूकंपात आईचं माहेर गेलं. तेव्हापासून ती दाराशी पेल्यांची उतरंड रचते. जमीन हलली की उतरंड कोसळते, खणखणाटानं माणूस जागं होतं. "हादरा आपल्या हाती न्हाय बाई, पळणं हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य.

पुण्यात नोकरीला आल्यावर मी त्या पेल्यांतून चहाच प्यायले. कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही सहा मुली. एकदा ड्युटीवरून आले, तर छताचं प्लास्टर माझ्या उशीवर पडलेलं. वर स्लॅबच्या गंजक्या सळया दिसत होत्या. दुरुस्तीसाठी तीन अर्ज दिले. उत्तर म्हणून कंपनीनं एक ट्रेनर बोलावला!

त्यानं स्क्रीनवर जुने ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञ दाखवले. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घेऊ नका, म्हणाला. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं, "हिला काय शिकवायचं? मराठवाड्याची माणसं मुळातच सोशिक!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भूकंपानंतर आमची माणसं वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, ती काय हौसेनं?

मी उभी राहिले. "भूकंप कुणाच्या हातात नाही, कबूल. पण आमच्या छताच्या गंजक्या सळया कुणाच्या हातात आहेत?" साहेब घड्याळ बघायला लागले. ट्रेनर मात्र प्रामाणिक निघाला. "मॅडम, हातात आहे ते करायचंच, ही त्याच शिकवणीची दुसरी बाजू," तो म्हणाला. ती त्याच्या एकाही स्लाइडवर नव्हती.

त्याच दिवशी आम्ही सहाजणींनी कॉट उचलून कंपनीच्या गेटात मांडल्या. साहेबांची गाडी अडली, तेव्हा कुठं इंजिनिअर आला. त्यानं खोलीत येऊन वर पाहिलं आणि खोलीला कुलूप घातलं. आम्हाला दुसरी खोली मिळाली. साहेब आता मला भांडखोर म्हणतात. म्हणेनात का, त्यांचं तोंड काही माझ्या हातात नाही.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांनो, कुणी तुम्हाला सोशिक म्हणून शाबासकी दिली तर आधी वर छताकडे बघा.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पेले कुठं हायत?"

नव्या खोलीचं छत धड आहे. तरी त्या सांजेला मी दाराशी पेले रचले, आणि पुण्यातल्या खोलीला पहिल्यांदा घर म्हणाले.