मटणाचा घाटा आणि कमरेचा करदोडा

कारखान्यात नेमकं काय बनायचं ते बाहेर सांगायला आम्हाला मनाई होती आणि ती मी आजही पाळतो. घरात काय बनायचं ते सांगायला मात्र कोणाची मनाई नाही. खरं विचाराल तर दोन्हींत जास्त धोका घरच्या मालाचा होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरात आमचा संसार नवा होता. दोन खोल्या, एक स्टोव्ह, एक ट्रान्झिस्टर आणि वर्ष उलटून गेलेली एक पोरगी. साहेब लोकांच्या घरी लेकरांसाठी डब्यातली पावडर यायची, डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र. बायकोने असला एक डबा कोणाकडे तरी हातात घेऊन पाहिला, हुंगला आणि घरी येऊन मला म्हणाली, "ते चित्रातलं पोट्टं भुकटी खाऊन फुगलं म्हन्तेत. भुकटीनं कोनी फुगते का जी? माह्या पोट्टीले मी घरचंच चारीन."

घरचं म्हणजे घाटा. तांदूळ, मुगाची डाळ, कोहळ्याची फोड, पालकाची पानं, एखादं भेदरं (टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात) असं सगळं एका गंजात, म्हणजे पातेल्यात, मऊ शिजवायचं आणि रवीनं घोटायचं. पळी उलटी धरली तरी खाली पडणार नाही इतकं घट्ट. रविवारी त्यात मटण. बायको एकोडी गावची, आणि एकोडीच्या माणसाला बकऱ्याची नळी टाकल्याशिवाय भांड्यात काही शिजतंय असं वाटतच नाही. मी बाजारातून नळी आणि कलेजीचा तुकडा आणायचो. ती ते दुपारपर्यंत रटरटवायची आणि पुरणाच्या चाळणीतून रगडून काढायची. त्या वर्षी होळीच्या पुरणपोळीला असा काही वास आला की शेजारचा कुत्रा आमच्या दारात येऊन बसला, तो रंगपंचमीलाच उठला.

पण पोरगी! पोरगी थुंकण्यात उस्ताद होती. घास तोंडात घ्यायची, गाल फुगवायची, नेम धरायची आणि सोडायची. स्वयंपाकघरात बसून तिने सोडलेला एक घास बाहेरच्या खोलीत फळीवरच्या ट्रान्झिस्टरला लागला. तेव्हापासून बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज जो बसला तो कायमचा. लोकांना हे पटत नाही. पण मी रोज मोजून-मापून बार भरणाऱ्या लोकांत वावरणारा माणूस; पल्ला कशाला म्हणतात ते मला कळतं.

आमची माय करडी गावाला शेतावर राहायची. धानाची शेती सोडून ती कुठे जात नसे, पण नातीच्या तपासणीला मात्र अधूनमधून न सांगता यायची. बसमधून उतरली की पाणी नाही, चहा नाही, आधी पोरीचा फ्रॉक वर. पोरीच्या कमरेला काळा करदोडा होता, मायने स्वतः वळलेला आणि बारशाला स्वतः बांधलेला. नात वाढेल तसा तो मायच मोठा करून द्यायची. या करदोड्यात ती बोट घालून पाहायची. एक बोट गेलं तर लेकरू खातंपितं आहे. दोन गेली तर आईचं लक्ष नाही. तीन जातील असं लेकरू आमच्या घराण्यात झालंच नाही, असं ती म्हणायची.

"माय, दवाखान्यात काटा आहे. वजन करून आणतो न," मी एकदा म्हटलं.

"काटा त्याहिचा असते, दोरा आपला असते," माय म्हणाली. विषय संपला.

आणि त्या करदोड्याच्या गाठीला हात लावायचा हक्क मायशिवाय कोणालाही नव्हता. आजीने देवाचं नाव घेऊन मारलेली गाठ. ती दुसऱ्याने सोडायची म्हणजे करडीची हद्द पुसून टाकण्यासारखं.

त्या पावसाळ्यात माय शेताच्या कामात अडकली आणि बरेच दिवस आली नाही. इकडे पोरगी जेवढं थुंकायची त्याच्या दुप्पट गिळत असली पाहिजे, कारण एके दिवशी आंघोळ घालताना बायकोला दिसलं की करदोडा कमरेत रुतला आहे आणि खाली लाल वळ उठला आहे. आईचा जीव. तिने गाठ सोडली, करदोडा चांगला ऐसपैस केला आणि तशीच्या तशी गाठ मारली. इतकी हुबेहूब की मला दाखवली तेव्हा मलाही फरक कळला नाही.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माय बसमधून उतरली.

फ्रॉक वर. एक बोट आत गेलं. दुसरं गेलं. दोन्ही बोटं आत चांगली फिरली.

"बाप्पा बाप्पा!" माय मटकन खाली बसली. "निरा वाळली न व माही पोट्टी! काय चारतेस तू इले, हवा?"

समोर पोरगी बसलेली, मांड्यांवर तीन-तीन वळ्या, गाल इतके की डोळे सांदीतून पाहताहेत. पण माय पोरीकडे पाहतच नव्हती. ती करदोड्याकडे पाहत होती.

"आयक," माय मला म्हणाली, "धान कापून झालं का मी येतो. तवा बी दोन बोटं गेले, तं पोट्टी मी करडीले नेतो. तिथं दूध हाय, धानाच्या बांधीतले खेकडे हायत, मी हावो. तुमी दोघं इथं कारखाना चालवा."

माय बोलली की झालं. मोठ्या भावाचा एक मुलगा असाच तिने उचलून नेला होता, आणि तो आईला ओळखेनासा झाल्यावरच परत आला. हे बायकोला माहीत होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

मी मागोमाग गेलो. "सांगून टाक न."

"मी सांगू? गाठ सोडली म्हनून? मंग मामी पोट्टीले तं नेतीनच, मलेबी माह्या बापाच्या घरी सोडून देतीन." आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. "तुम्ही सांगा न. तुमची माय हाय."

मी स्फोटकांच्या कारखान्यातला माणूस. तिथे काडीपेटी खिशात सापडली तर नोकरी जाते, अशा ठिकाणी मी आयुष्य काढलं. पण मायला सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "पोट्टी फुगवू. करदोडा भरू. दुसरा उपाय नाही."

आणि सुरू झाली मोहीम. रविवारचं मटण बुधवारीही यायला लागलं. खाटीक मला लांबून पाहूनच नळी बाजूला काढायचा. घाट्यात गाजर आलं, रताळं आलं, पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचे सोललेले दाणे आले. समोरच्या क्वार्टरातली बंगाली वहिनी ही खबर ऐकून मदतीला धावली. तिच्या मते जगातलं कुठलंही लेकरू मासे न खाता मोठं झालेलंच नव्हतं. "भाभी, आप मटन में टाइम खराब करता है," असं म्हणत ती नदीच्या माशाचा उकडलेला गर, कच्चं केळं आणि मऊ भात असा गोळा घेऊन यायची. काटा राहू नये म्हणून तो गर ती बोटांनी इतक्या वेळा चाचपायची की मासा पुन्हा जिवंत होऊन पाण्यात जातो की काय असं वाटे.

राहिला प्रश्न थुंकण्याचा. त्यावर तोड योगायोगाने निघाली. कारखान्याच्या पाळीची बस क्वार्टरांसमोरून जाताना पोरगी आश्चर्याने आ करायची. तेवढ्यात घास आत! बस पुढे जाईपर्यंत तिला थुंकायची आठवण राहायची नाही. मग आम्ही घाट्याचा गंज घेऊन पायरीवरच बसायला लागलो. एक बस, एक घास. पण एका बसच्या घासाने पोट भरत नाही. तेव्हा सायकलवाल्यांना थांबवून घंटी वाजवायला लावली, दूधवाल्याच्या म्हशी वळवून दोनदा नेल्या. पुढे पुढे बसमधली माणसंच खिडकीतून ओरडायची, "खाल्लं का व?" आणि पोरगी तोंड उघडायची. एका गृहस्थाने मला सांगितलं की त्याच्या घरचं लेकरू खात नाही म्हणून तो आमच्या ओळीत क्वार्टर बदलून मागणार आहे. मागितलंही असेल. माणूस हट्टी होता.

दिवाळीपर्यंत पोरीला चव लागली. आता बसची गरज उरली नाही. आता गंज दिसला की ती रांगत नव्हे, चाल करून यायची. कोहळं-मटणाचा घाटा खाऊन ती बंगाली वहिनीकडे जायची, तिथे मासाभात खायची, आणि परत येऊन आमच्या ताटाकडे अशी पाहायची की आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून जेवायचो. ती पायरीवर बसली की पायरी दबते, असं मी म्हणायचो. बायको म्हणायची, "दृष्ट लावता का जी?" पण रोज आंघोळीनंतर ती हळूच बोट घालून पाहायची. दोन जायची. मग दीड. मग एक. एके सकाळी ती ओल्या हातांनीच धावत आली, "एकबी जाऊन नाही राहिलं जी!" त्या दिवशी आम्ही दोघं जिंकलो होतो. धानाची कापणी संपत आली होती. माय आज येवो, उद्या येवो.

आणि माय यायच्या आदल्या दिवशी बायकोने काय करावं?

संध्याकाळी मी घरी आलो तर ती पोरीला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेली. मी विचारलं, काय झालं. तिने फ्रॉक वर केला. कमरेभोवती लाल वळ, चांगला रुतलेला, आणि त्याच्या वर करदोडा... सैल. ऐसपैस. हुबेहूब गाठ.

"काहून सोडला व?" मी ओरडलोच. "एक रात्र थांबता नाही आलं?"

"लेकरू रडून राहिलं होतं," ती म्हणाली. "मामीच्या बोटासाठी लेकराले रडवू?"

मी खोबरेल तेलाची बाटली आणून तिच्या पुढ्यात ठेवली, वळाला लावायला.

दुसऱ्या दिवशी माय आली. डोक्यावर नव्या तांदळाचं बोचकं, हातात झाकणाच्या डब्यात बांधीतले खेकडे, डब्यातून खरखर आवाज. बोचकं खाली, डबा खाली, फ्रॉक वर. एक बोट. दुसरं बोट. मायने दोरीवरचे पोरीचे कपडे काढले आणि लुगड्याच्या फडक्यात बांधायला लागली.

आता मी तोंड उघडलं. "माय, थंडीचे दिवस आहेत. थंडीत दोरा फैलते."

"धा शाळा शिकला न तू गा?" माय कपड्यांची घडी घालत म्हणाली. "थंडीनं दोरा फैलते म्हने. पोट्टीचे चपला कुठं हायत?"

"हे इकडचं पाणी..." मी दुसरी थाप उचलली होती, तेवढ्यात बायको पुढे आली आणि फडक्यावर हात ठेवला.

"मामी, दोरा मीनं सोडला."

मायचा हात थांबला.

"दोनदा सोडला. पोळ्याच्या पयले बी मीनंच सोडला होता. रुतत होता. पोट्टी वाळली नाही, पोट्टी जाडी झाली."

"माही गाठ सोडली तुनं?"

"हो."

"अन हे कोनं मारली?"

"मीनं."

मायने पोरीला ओढून जवळ घेतलं आणि गाठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. फिरवून पाहिली. नखाने खुटखुटवून पाहिली. खेकडे डब्याला ओरखडत होते.

"माह्यावानीच मारली," ती शेवटी म्हणाली. "मले कळलंच नाही." मग मान वर करून, "पोळ्याले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही रागावल्या असत्या."

"रागावलोच असतो." माय म्हणाली. तेवढ्यात तिचं बोट करदोड्याखाली सरकलं आणि त्या लाल वळाला लागलं. पोरगी कळवळून आखडली. मायने बोट चटकन मागे घेतलं, जसं काही भाजलं. मग पहिल्यांदाच तिने नातीकडे पूर्ण पाहिलं. मांड्या पाहिल्या, पोट पाहिलं. दोन्ही हात काखेत घालून उचलायला गेली आणि अर्ध्यातूनच परत खाली ठेवली.

"हे लेकरू हाय का धानाचं पोतं!" माय धापा टाकत म्हणाली. "अन मी इले करडीले नेऊन राहिलो होतो? बसमधून? कमर मोडली असती न माही!"

बायको तोंडावर पदर घेऊन हसत होती की रडत होती, मला आजवर कळलं नाही. मायने फडक्याची गाठ सोडली, फ्रॉक एकेक करून परत दोरीवर टाकले, आणि बायकोकडे न पाहता म्हणाली, "पोट्टी तुह्यापाशीच राहू दे. रुतला का सोडत जाय. मले इचारू नको."

मग ती भिंतीला टेकून बसली आणि नाक वर करून हुंगायला लागली. "गंजात काय हाय व?"

"पोट्टीचा घाटा, मामी. मटन हाय, कोहळं हाय."

"आन थोडासा. पाहू दे काय चारतेस."

मायच्या तोंडात समोरचे दोन सोडले तर दात उरले नव्हते. मटण तिने किती वर्षांत खाल्लं नव्हतं, कोण जाणे. सणाला आम्ही सगळे चावत बसायचो आणि ती रस्सा भातावर घेऊन "मले आवडतच नाही" म्हणायची. वाटीभर घाटा तिने बोटाने चाटून संपवला. मग दुसरी वाटी. तिसरी मागितली तेव्हा पोरगी जाऊन तिच्या मांडीला बिलगली आणि आ करून उभी राहिली. माय एक बोट तिच्या तोंडात घालायची, एक आपल्या. त्या दिवशी मी आणि बायकोने मिठाशी भात खाल्ला.

त्यानंतर माय दर रविवारी यायला लागली. मटण शिजायच्या वेळेला. आम्हाला मोठा गंज घ्यावा लागला.