लाल दोरी आणि मालकांची जीभ

आमच्या मालकांचा आवाज असा, की शिरोली एमआयडीसीत ते शिंकले तर कागलचे बैल दावं तोडून पळायचे. हा माणूस पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात व्यवस्थापनाच्या शिबिराला गेला आणि साधू होऊन परत आला.

"आजपासनं आपलं धोरण एकच," मालक म्हणाले. "खराब माल गेटाबाहेर जाणार न्हाय. ज्याला खोट दिसंल त्यानं ही दोरी वडायची. लाईन बंद! कुणाला इचारायचं न्हाय. मलाबी न्हाय."

कारण तसंच होतं. ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकानं दम भरला होता, पुन्हा सदोष माल आला तर काम दुसऱ्याला. ते काम गेलं असतं तर आमच्या भट्टीत मांजरं व्याली असती.

मी ओतकामाचा मॅनेजर. वाळूच्या साच्यांच्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मीच लाल दोरी टांगली. लगेच खंडेनवमी आली. पोरांनी यंत्रांबरोबर दोरीचीही पूजा केली आणि सगळ्यात जाड झेंडूचा हार तिलाच घातला. त्यानंतर तिला कुणी बोट लावेना. खराब माल ढिगानं निघतोय, दोरी आपली देवासारखी गप्प. मला चैन पडेना. शेवटी एका साचेवाल्याला गाठलं.

"का वडत न्हाईस रं?"

"आवं सायेब, पूजा झालीया तिची. वाळूच्या हातानं शिवायचं व्हय?"

"मशिनीचीबी झालीया की! ती बरी चालवतोस!"

तो हसला आणि हळूच मालकांच्या केबिनीकडं बघितलं. देव दोरीत आहे की केबिनीत, हे मला तेव्हा कळलं.

मालकांना सांगितलं. ते तरातरा आले, हार काढला, हात वाळूत घोळवले आणि दोरी ओढली. "बगा! आभाळ पडलं का?" टाळ्या पडल्या. पण मालकानं स्वतःच्या कारखान्यात दोरी ओढली, त्यात कसलं आलंय धाडस! पुढं पुन्हा सामसूम.

मग एका दुपारी त्याच साचेवाल्यानं दोरी ओढली. लाईन थांबली. वितळलेलं लोखंड बादलीत लालबुंद लटकत राहिलं. मालक नेमके माझ्या शेजारी. सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"का वडली?"

"साच्याचं झाकण बसवताना आत वाळू पडल्यागत वाटलं, मालक."

झाकण उचललं. आत आरशासारखं साफ! इकडं लोखंड थंड होत चाललेलं. मालकांनी तोंड उघडलं. मी कान झाकले. आता नृसिंहवाडीच्या घाटावर लोक दचकणार, एवढ्यात त्यांनी तोंड मिटलं. गळ्याची घाटी लिफ्टसारखी वर गेली, खाली आली.

"शंका आली न्हवं? मग वडायचीच. लोखंड परत भट्टीत घाला. आन् ह्याला च्या सांगा."

मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जीभ चावलीया. रगात आलंय का बगा."

रक्त खरंच आलं होतं. मी बघतोय तोवर लाईन पुन्हा सुरू झाली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी दोरी ओढली. पूजेपासून मालकांशिवाय कुणी शिवलं नव्हतं, आणि आता एका दुपारी दोनदा! मालक जीभ सावरत धावले. झाकण उचललं, तर आत मूठभर वाळू ढासळलेली. तसंच ओतलं असतं तर तो माल थेट ट्रॅक्टरवाल्याच्या दारात फुटला असता.

मालक वाकून त्या साच्यात इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं, आता आत उतरतात की काय.