शोभाचं राहिलेलं काम

दहाव्याला शोभाच्या पिंडाला कावळा शिवेना.

आज तिला जाऊन वीस वर्षं झाली. माझी धाकटी बहीण. धावडा गावच्या शाळेतून निघून पीएचडीपर्यंत पोचलेली आमच्या घरातली एकटीच.

तिचं काम बियांवर होतं. मूग आणि उडीद यांचा क्रॉस केला की शेंग धरते, पण दाणे बरेचदा पोचट निघतात. असं का होतं, ते ती जीन्समध्ये शोधत होती.

आमच्या वडिलांना, तात्यांना, हे कधी पटलं नाही.

"पोचट दाणे आम्ही पाखडून फेकतो. तू त्याच्यावर उमर घालवून राह्यली."

"तुम्ही फेकता म्हणून तर मला फुकट भेटतात, तात्या."

मग कॅन्सर निघाला.

जालन्याच्या हॉस्पिटलात तात्या तिच्यासाठी शहाळं घेऊन जायचे. एकदा पाणी पिऊन झाल्यावर तिनं ते फोडायला लावलं.

"आतून बोट फिरवा, तात्या. मलई कुठं धरली?"

"कडंला."

"आधी नुसतं पाणी असतं. त्यात केंद्रकं मोकळी तरंगतात, मधी भिंत न्हाई. मंग कडंकडंनं भिंती पडतात, पेशी बनतात. तीच ही मलई. भिंती कधी पाडायच्या, ते जीन्स ठरवतात. माझ्या दाण्यात ती वेळ चुकते, अन् आतला कोंब उपाशी मरतो."

तात्यांचं बोट शहाळ्यातच राहिलं.

"मंग तो जीन सापडला का?"

"अजून न्हाई. कोणता न्हाई, तेवढं समजलं."

"म्हंजे काम राह्यलं."

"राह्यलं, तात्या."

पुढच्या आठवड्यात ती गेली.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी होती. कावळे बाभळीवर बसून होते.

आत्या म्हणाली, "लग्नाचं राह्यलं पोरीचं. पुढल्या जन्मी चांगलं घर मिळंल म्हण."

मी म्हटलं. एकही हलला नाही.

"आईला सांभाळीन म्हण."

तेही म्हटलं.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा तात्या उठले. पिंडापुढं हात जोडले.

"माय, तुझं भिंतीचं काम कोणीतरी पुरं करंल. मी सांगतो ना. ते कामच होतं. मला समजलं, जरा उशिरा समजलं."

कावळा उतरला.

कुणी योगायोग म्हणेल. मी म्हणत नाही.

आता तात्याही नाहीत. ते काम पुढं कुणी पुरं केलं का, मला ठाऊक नाही. विचारायचं कुणाला, तेही कळत नाही. पण बापानं शब्द दिलाय, म्हणून सकाळी देवापुढं बसलो की स्वतःसाठी काही मागायच्या आधी तेवढं मागतो.

निवांत राहा, शोभे.