डबलबेल मावशींचं लिंबाचं झाड

दूध वर येत होतं, मुलीची वेणी अर्धी घालून झाली होती आणि "माझे काळे मोजे कुठायत?" हा आमच्या घरचा रोजचा प्रश्न आतल्या खोलीतून नुकताच येऊन गेला होता. तेवढ्यात दार वाजलं. ठक-ठक. आमच्या दाराला बेल आहे, चांगली वाजतेही, पण ती सोडून लाकडावर असे दोन ठोके देणारं माणूस आख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच.

"डबलबेल?" ह्यांनी आतूनच कुजबुजत विचारलं आणि बाथरूममध्ये शिरून कडी लावून घेतली.

डबलबेल म्हणजे तळमजल्यावरच्या मावशी. त्यांची सगळी नोकरी शहरातल्या बसमध्ये कंडक्टर म्हणून झाली. दोनदा घंटा वाजवली की गाडी सुटते, तसे दोन ठोके दिले की समोरच्यानं उठायचं, असा त्यांचा हिशोब. हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलं. मावशींना ते पक्कं ठाऊक आहे. "मेल्यांनी निदान कामावरून तरी नाव ठेवलंय," म्हणतात.

दार उघडलं तर हातात खुरपं, पायाला माती आणि चेहरा असा की बसमध्ये सगळे मागच्या दाराशी गठ्ठा करून उभे आहेत आणि पुढे जागा रिकामी.

"सेक्रेटरी आहेत का?"

"आंघोळीला गेलेत, मावशी."

"आत्ता तर आवाज आला."

"आत्ताच गेले."

"पाणी पडल्याचं काही ऐकू येत नाही ते," असं म्हणून त्यांनी बाथरूमच्या दिशेनं आवाज चढवला. "असू दे, असू दे. सावकाश होऊ द्या! मागच्या भिंतीला परांची बांधायला घेतलीय रंगाऱ्यांनी. हातात तारेचे ब्रश आहेत. तुमची आंघोळ होईस्तोवर खरवडून मोकळे होतील!" मग माझ्याकडे वळून, "तू चल खाली."

"अहो, हिची वेणी अर्धी आहे."

"घाल की. मी थांबते. उभ्यानं प्रवास मला काही नवीन नाही."

नवरा बिल्डिंगचा सेक्रेटरी असला की बायकोची बिनपगारी चौकशी-खिडकी होते. गच्चीची किल्ली, गळका नळ, वरच्यांचा आवाज, सगळं माझ्या ओट्यापाशी येतं. पण मावशींचा विषय गेली काही वर्षं एकच, आणि तो ऐकून ऐकून मीही वैतागलेली आहे. त्यांच्यावर नव्हे. त्यांच्यासाठी.

बिल्डिंगच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये, एक लांबट पट्टा आहे. पूर्वी तिथे फुटक्या फरशा, तुटका कमोड आणि कुणाचीही नसलेली सायकल असायची. नोकरीत असताना मावशींनी हा पट्टा उजेडात कधी पाहिलाच नव्हता. पहिल्या फेरीला जायचं तेव्हा अंधार, शेवटची फेरी करून यायचं तेव्हा अंधार. निवृत्त झाल्या, गुडघे बोलायला लागले आणि घरात सुनेच्या पायात पायात नको म्हणून त्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या. बसून बसून कंटाळल्या आणि एका खुरप्यानिशी सुरुवात केली.

आज तिथे टोमॅटो आहेत, वांगी आहेत, मिरच्या आहेत, कुंपणावर दुधीचा वेल आहे. कोबीची एक ओळ घरासाठी आणि एक अळ्यांसाठी. हो, अळ्यांसाठी. फुटक्या कुंडीखाली एक बेडूक राहतो, त्याला त्या "आमचे भाडेकरू" म्हणतात. पसरट बशीत खडे घालून पाणी ठेवलेलं असतं, मधमाश्यांना बुडण्याची भीती न बाळगता पिता यावं म्हणून. आणि भिंतीला लागून ते लिंबाचं झाड.

या सगळ्याचं बिल्डिंगला कौतुक आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. टोमॅटो लाल झाले की कौतुक, एरवी तक्रार. बशीतल्या पाण्यानं डास होतात. (त्या रोज पाणी बदलतात.) वेलामुळे साप येतील. (अजून आलेला नाही. आला तर मावशी त्याला पुढे सरकायला सांगतील.) दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर एकदा कठड्यावरून ओणवून म्हणाल्या होत्या, "अहो, माणसं भाजी खाण्यासाठी लावतात. तुम्ही लावता आणि अळ्यांना पंगत घालता!"

"तुमच्या पंगतीपेक्षा बरी. जेवून उष्टं टाकत नाहीत," मावशी खालून म्हणाल्या होत्या.

पण खरं दुखणं लिंबाचं. झाड अजून लिंबू धरत नाही आणि मावशींना लिंबू नकोच आहे. त्यांना त्या झाडावरचं एक, फक्त एक, फुलपाखरू कोषातून बाहेर पडताना बघायचंय. काळी-पिवळी फुलपाखरं येतात, कोवळ्या पानांवर अंडी घालून जातात. पुढचं मात्र कधी शेवटाला जात नाही.

पहिल्या वर्षी आमच्या ह्यांनीच डासांसाठी फवारणीवाला बोलावला. कुणाला विचारलं नाही. सेक्रेटरीनं कुणाला विचारायचं असतं थोडंच! त्यानं नळी फिरवली आणि संध्याकाळी मावशींना झाडाखाली सगळ्या अळ्या वळून पडलेल्या दिसल्या. त्या वर येऊन इतकं बोलल्या की ह्यांना तेव्हापासून बाथरूमची सवय लागली.

पुढच्या वर्षी जे झालं त्यावर तर बोलायचीही सोय नव्हती. या अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. काळपट, ओल्या, वर पांढरा ठिपका. शत्रूनं बघून तोंड फिरवावं म्हणून निसर्गानं केलेली सोय. पक्षी फसतात. मावशींची सूनही फसली, पण तोंड फिरवण्याऐवजी फडकं घेऊन पुढे आली. ती दाताच्या दवाखान्यात कामाला आहे, उकळलेल्या पाण्याशिवाय तिला कशावर विश्वास नाही. रविवारी सासूबाई बहिणीकडे गेलेल्या बघून तिनं ओल्या फडक्यानं झाडाचं एकेक पान पुसून काढलं.

"आई, बघा तरी! पाखरांनी केवढी घाण केली होती तुमच्या झाडावर. एकदम चकाचक करून टाकलंय!"

मी तेव्हा वाटीभर साखर मागायला गेले होते. मावशींचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ज्या बाईनं दारू पिऊन चढलेल्यांना कॉलरला धरून उतरवलं, तिला शब्द सापडेना. कारण पोरीचे हात पाण्यानं सुरकुतले होते आणि ती कौतुकाची वाट बघत उभी होती.

"छान केलंस हो," मावशी म्हणाल्या. मग मला साखरेऐवजी मीठ दिलं.

त्यानंतर एकदा एक अळी मोठी झाली, हिरवीगार, बोटाएवढी. हात लावला की डोक्यातून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडणारी. तिचा कोष झाला, आणि बुलबुल खाईल या धास्तीनं मावशींनीच तो काडीवरून सोडवून काचेच्या बरणीत ठेवला. कोष एका रेशमी धाग्याच्या पट्ट्यानं काडीला बांधलेला असतो. तो तुटला. कोष बरणीच्या तळाला पडून वाळून गेला. त्या वेळी कुणावर ओरडता आलं नाही, म्हणून महिनाभर त्या सगळ्यांवरच ओरडत होत्या.

"एवढं काय आहे हो त्यात?" मी एकदा न राहवून विचारलं होतं.

"अगं, मी आयुष्यभर मधलीच माणसं पाहिली. चढली, तिकीट घेतलं, उतरली. कुणी रडत चढायचं, कुणी हातात नवं बाळ घेऊन. त्यांचं पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही. एकदा तरी एखाद्याचं पूर्ण बघायचंय."

मुलीची वेणी घालून मी त्यांच्यामागून खाली उतरले. जिन्यात सगळं कळलं. या वर्षी अळ्या वाचल्या होत्या. मोठ्या झाल्यावर झाड सोडून चालत सुटल्या आणि दोघींनी जागा निवडली ती नेमकी भिंत, सांडपाण्याच्या पाइपालगत. तपकिरी, मान मागे टाकलेले, वाळक्या पानाच्या तुकड्यासारखे दोन कोष.

"गप्प बसले होते मी," मावशी म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की कुणीतरी मदतीला येतं."

परांची जवळजवळ उभी राहिली होती. रंगारी शिडीवरून ब्रशनं पोपडे उडवत होता आणि पांढरी भुकटी टोमॅटोवर पडत होती. सून दवाखान्याच्या कपड्यांत, पर्स खांद्याला, भिंत आणि शिडी यांच्यामध्ये येऊन उभी होती. तिला उशीर होत होता तरी हलत नव्हती. हे मला अपेक्षित नव्हतं. मावशींनाही नसावं; सासूबाई रोज पाइपाशी काय बघतात ते तिनं न सांगता हेरलं असणार.

"बाई, सरका ना," रंगारी म्हणाला. "काम करू द्या."

"आई आल्याशिवाय नाही."

"तुम्ही पण काय आजी," रंगारी मावशींना म्हणाला, "ते काढून डबीत ठेवा की."

"ठेवलं होतं. मेलं."

तेवढ्यात आमचे हे आले. केस ओले, मोजे वेगवेगळ्या रंगांचे. त्यांनी कोषांकडे बघितलं, म्हणजे कोषांच्या शेजारी बघितलं, कारण ते दिसायला वेळ लागतो.

"मावशी, तिसऱ्या मजल्यावर ओल झिरपलीय. लहान बाळ आहे त्यांच्याकडे. काम थांबवलं तर ही माणसं दुसरीकडे जातील, मग परत कधी येतील सांगता येत नाही. मीटिंगमध्ये मी काय सांगू? फुलपाखरू झोपलं होतं?"

ह्यांचं चूक नव्हतं, हाच तर वैताग. बाळाची खोली मी स्वतः पाहिली होती, कोपरा हिरवा झालाय. रंगाऱ्याचं चूक नव्हतं. वरून काकू ओणवून बघत होत्या. सगळ्यांचं बरोबर होतं आणि सगळ्यांचं बरोबर मिळून तारेचा ब्रश पाइपाच्या दिशेनं येत होता.

"अहो, पण..." मी सुरुवात केली. सेक्रेटरीची बायको म्हणून सुचत होतं ते मावशींच्या विरुद्ध होतं, आणि मावशींच्या बाजूचं जे होतं त्याला मीटिंगमध्ये कुणी हात वर केला नसता.

आता आवाज चढणार, असं समजून ह्यांनी एक पाऊल मागे घेतलं. फवारणी निघणार, बरणी निघणार, सगळी वर्षं निघणार. मावशींनी तोंड उघडलंही. मग त्या पुढे गेल्या आणि सुनेच्या पर्सवर उडालेली चुन्याची भुकटी हातानं झटकली. खुरपं दुधीच्या मांडवाला टेकवलं. एका कोषाचा रंग काल होता त्याहून गडद झाला होता आणि आतल्या पंखांची पिवळी नक्षी पुसट दिसायला लागली होती, म्हणजे फुलपाखरू आज-उद्याकडे बाहेर पडणार. त्यांनी ह्यांना तिकडे बोट दाखवलं, हात न लावता. या वेळी ह्यांना दिसलं.

"भिंत रंगवा," मावशी म्हणाल्या. मी त्यांचा इतका हळू आवाज कधी ऐकला नव्हता. "वरपासून खालपर्यंत सगळी रंगवा, मी आड येत नाही. पाइपाजवळचा हा वीतभर तुकडा तेवढा सगळ्यात शेवटी घ्या."