दादाची कवळी

शहरातली निम्मी तोंडं आत्याच्या हाताखालून गेली असतील. दातांचे डॉक्टर मापं घेतात, प्लॅस्टरचे साचे डब्यात भरून तिच्याकडे धाडतात आणि ती मेणात एकेक दात बसवून कवळी करून देते. चाळीस वर्षं हाच धंदा. रस्त्यात एखादा रुबाबदार गृहस्थ तिला ओळख न देता पुढे गेला की ती मनात म्हणायची, जा बाबा जा, खालचे चौदा माझे आहेत. वय अडुसष्ट, कंबर कामातून गेलेली, जीभ मात्र शाबूत. सगळे तिला आत्याच म्हणत, डॉक्टरसुद्धा.

तिची एक शिस्त होती. कवळी तोंडात बसली की समोरच्याला साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजायला लावायचं. 'स' म्हणताना जरा शिट्टी वाजली की कवळी परत कानशीखाली. भलेभले वकील आणि मास्तर तिच्या स्टुलावर बसून बालवाडीतल्या पोरांसारखे आकडे म्हणून गेले होते. अवघड तोंडं डॉक्टर मुद्दाम तिच्याकडेच पाठवायचे.

एका बुधवारी दुपारी तिच्या थोरल्या भावाची नात आली. रुमालात दादाची वरची कवळी, बरोबर मधोमध दोन तुकडे.

"आत्याआजी, आजोबांनी बेसिनमध्ये पाडली. शुक्रवारी संध्याकाळी हवीच हवी. नाहीतर घरात हाहाकार!"

मागे तिची रूममेट उभी होती, बारीक कापलेल्या केसांची, हसऱ्या डोळ्यांची. दोन वर्षं नात तिला 'ही माझी रूममेट' म्हणून आणत होती. आत्या काय दुधखुळी होती? एकीच्या चपला वेड्यावाकड्या पडल्या म्हणून दुसरी वाकून सरळ लावते, अशी रूममेट तिने जन्मात पाहिली नव्हती. पण पोर सांगेल तेव्हा सांगेल, आपण कशाला टोकायचं, म्हणून ती गप्प राहिली होती. खरं सांगायचं तर तिला त्या दोघींकडे बघून बरं वाटायचं.

"शुक्रवारी काय आहे एवढं?" तिने तुकडे जुळवून बघत विचारलं.

"काही नाही गं, घरातल्या घरात जेवण."

"घरातल्या घरात कसलं?" रूममेट बोलून गेली. "दीडशे माणसं आहेत! आजी, तुम्ही तर पहिल्या रांगेत हव्या होतात..." नातीने तिला कोपर मारलं. तिने जीभ चावली.

नात लालबुंद. मग तिने एका दमात सांगून टाकलं. "आत्याआजी, आम्ही दोघी कायमचं एकत्र राहणार आहोत. कागदावर व्हायचं तेव्हा होईल. पण आजोबांनी हॉल घेतलाय, भाषणसुद्धा करणार आहेत. तुला मी सांगणार होते. आजोबाच म्हणाले, आत्याला नका सांगू. जुन्या वळणाची बाई, त्यात ब्लडप्रेशर, तिला झेपायचं नाही."

जुन्या वळणाची! आत्याने तुकडे टेबलावर ठेवले आणि हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला आणि रूममेट पाणी घ्यायला धावली.

"अगं वेडाबाई," दम खाऊन ती म्हणाली, "आत्ता तू उभी आहेस ना, तिथे आमची कॉट होती. सिस्टरची आणि माझी. ती हॉस्पिटलात नर्स होती. सहा वर्षं राहिलो आम्ही या खोलीत. आणि झेपत नाही म्हणे मला!"

मग नातीने तिला अशी मिठी मारली की प्लॅस्टरची सगळी पांढरी भुकटी तिच्या शर्टाला लागली. "आणि तू कधी बोलली नाहीस! मग सिस्टर गेली कुठे?"

"बदली झाली," आत्या म्हणाली.

हे खोटं नव्हतं. पण बदली काय आपोआप होते? सदतीस वर्षांपूर्वी तिचा दादा इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्पिटलात गेला होता आणि नर्सांच्या प्रमुख मॅट्रनच्या टेबलावर त्याने लेखी अर्ज ठेवला होता. तुमची नर्स माझ्या बहिणीला नादी लावते आहे, आमच्या घराची अब्रू चव्हाट्यावर येते आहे. आठवड्याच्या आत सिस्टरला राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात पाठवलं. दोन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. मग कधीतरी कळलं की ती वारली, तेही तीन महिने उलटून गेल्यावर. दादाने त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. घरात सगळ्यांनी आत्याला 'कामातच रमते बिचारी' करून टाकलं आणि मोकळे झाले.

हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला वाटलं, हे आपण का सांगायचं? ज्याने केलं त्याने सांगावं. ती नातीला म्हणाली, "कवळी घ्यायला आजोबांनाच पाठव. तोंडात बसवून बघावी लागते."

दुसऱ्या दिवशी दादा आला. पंचाहत्तरीचा माणूस, तोंडावर रुमाल, गाल आत गेलेले. आत्याने कवळी जोडून, हिरड्यांचा गुलाबी मसाला भरून, घासून लखलखीत करून ठेवली होती. तिने ती तळहातावर धरली, पण दिली नाही.

"मला झेपणार नाही असं तू पोरीला सांगितलंस?"

"तुझी तब्येत..." तो बोळक्या तोंडाने पुटपुटला.

"तब्येतीचं सोड. मी तिथे येऊन बसले असते आणि तुला सगळं आठवलं असतं, म्हणून ना?"

दादाने रुमाल तोंडावरून काढला. मग म्हणाला, "तेव्हाचे दिवस वेगळे होते गं. मी तुझ्या भल्यासाठीच केलं."

"झालं की भलं! बघ ना, एकटीच्या खोलीत किती भलं झालंय." तिचा आवाज चिरकला, तिचा तिलाच राग आला. "दादा, सदतीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं? आता एक मागते. उद्या भाषण करणार आहेस ना, त्यात माझ्यासाठी एवढंच बोल. माझ्या बहिणीचंही एक माणूस होतं आणि मी तिला घालवलं. बस. नंतर पोरीचं हवं तेवढं कौतुक कर."

त्याने मान हलवली. तिने कवळी दिली. त्याने ती बसवली, जबडा हलवून बघितला आणि सवयीने सुरू केलं, "साठ, एकसष्ट..."

"आकडे राहू देत. ते वाक्य म्हण."

दादाने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या बहिणीचंही एक माणूस होतं. सिस्टर. अर्ज करून मी तिला घालवलं. चूक माझी होती."

कुठे शिट्टी नाही, कुठे अडखळणं नाही. आत्याने बाहीने डोळे पुसले. मग उठून चहा टाकला. दोघांनी समोरासमोर बसून प्याला. जाताना दादा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्या लवकर ये. पुढे बस."

ती लवकर गेली, पुढे बसली. हॉलभर तरुण पोरंपोरी, कुणाला कशाचं काही वाटत नव्हतं. दोन मुली हातात हात घालून केकसमोर उभ्या होत्या आणि दोघींच्या आया एकमेकींच्या कपड्यांचं कौतुक करत होत्या. एका अर्जावर हे सगळं आपल्याला किती स्वस्तात नाकारलं गेलं, असं तिच्या मनात आलं. दादा माइकपाशी गेला. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली.

"मंडळी," दादा म्हणाला, "आज बरेच जण माझी पाठ थोपटतायत. पण यात माझं विशेष काही नाही. माणसाकडे माणूस म्हणून बघायचं, ही आमच्या घराची शिकवणच आहे. पहिल्यापासून! आता ही माझी बहीणच बघा. लग्न केलं नाही, स्वतःच्या मर्जीने राहिली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. आमच्यापैकी कुणी अवाक्षर काढलं? कुणाचं मन मोडणं आम्हाला कधी जमलंच नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी वळून आत्याकडे पाहिलं, कुणी कुणी कौतुकाने हसलंही. ती ताठ बसून होती. शेवटी म्हणेल, तिला वाटत होतं, शेवटासाठी ठेवलं असेल. मेला, काल तर म्हणाला होता! शेवटी दादा म्हणाला, "सावकाश जेवा, घाई करू नका," आणि खाली उतरला. तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. भाषणातला 'स' न् 'स' स्वच्छ ऐकू आला होता, हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत.

नात धावत आली, डोळे पाण्याने भरलेले. तिने आत्याच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून तिचे दोन्ही हात धरले.

"ऐकलंस ना आजोबांचं? आत्याआजी, मला सारखं वाटतंय, तुझ्या वेळी घरात असं एक जरी माणूस असतं ना, तर सिस्टर गेलीच नसती."

आत्याने मान वर केली. पलीकडे दादाला मध्ये घेऊन पोरं फोटो काढत होती. गप्प बसावं असं तिला क्षणभर वाटलं, पोरीचा दिवस आहे. पण सदतीस वर्षं गप्प बसून झालं होतं आणि त्याचं काय झालं ते तिने आत्ताच माइकवरून ऐकलं होतं.

"होतं की गं," ती म्हणाली. "हेच होते. मॅट्रनकडे अर्ज घेऊन तुझे आजोबाच गेले होते."