हातावरचा मांडा

खापरावरच्या पुरणाच्या मांड्याची कड करपली आणि त्या वासासरशी मी धुळ्याला, माहेरी पोचले. लग्नानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेचं माहेरपण. सासरची माणसं मला न्यायला आलेली, बाहेर ताटं मांडलेली. आईच्या दोन्ही हातांवर मांडा पसरत होता. मध्येच थांबलं की तो फाटतो. मी दारातून म्हणाले, "आई..." मग म्हटलं, "काही नाही. तुझं होऊ दे."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मांडा परातीत टाकून दिला. बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "अजून किती वेळ?"

आई हळूच म्हणाली, "पाहुणे थांबतीन. तू बोल, माय."

"माले परत जानं नही."

पाहुणे न जेवता गेले. मी राहिले. तेव्हा मला लाज वाटली होती ती फुकट गेलेल्या मांड्याची!

आज जळगावात माझ्या हातांवर मांडा आहे आणि ओट्यावर लेकीचा फोन वाजतोय. सकाळपासून तिसऱ्यांदा. दोनदा मी मनाशी म्हटलं, एवढे मांडे होऊ देत.

मांडा परातीत टाकला. पुरणाच्या हातानंच फोन उचलला.

"बोल, माय."