काठीवरची दुसरी खूण

चोंढीला मासळी विकून परतलेल्या आत्याने टोपली दारात टेकवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तुजा लोहार ग्येला रं. काल सांजच्याला." तुझा लोहार... सात-आठ वर्षं मी महादूदादाच्या भट्टीची पायरी चढलो नव्हतो, तरी आत्याच्या तोंडी तो माझाच राहिला होता. त्याला आता महिना होत आला. जे त्याला सांगायचं ते मी चारचौघांना सांगत बसलोय, याची लाज वाटते.

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, त्यातली उघड्या हौद्याची एक लहान मालगाडी मी घेतली. थळच्या आमच्या कोळीवाड्यात वल्हं सोडून चाक धरणारा मीच पहिला. खारवलेली मासळी आणि ती विकणाऱ्या बाया पोयनाडच्या बाजाराला पोचवायच्या, हा धंदा. गाडीला खोड एकच, मागून डावीकडे बसायची. मी होडीवर वाढलेला. होडी एका अंगाला कलली की वजन दुसऱ्या अंगाला सारायचं, हे आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. जड टोपल्या उजवीकडे रचायच्या, बायांनाही उजवीकडेच कोंबायचं, की गाडी सरळ! बाया शिव्या घालायच्या, पण बाजार गाठायच्या.

महादूदादा चोंढीच्या वळणावरचा लोहार. लढाईच्या दिवसांत लष्करी कारखान्यात मोटारीचं काम शिकून आलेला. गाडी लांबून दिसली की भट्टीतून ओरडायचा, "नाखवा, तुजं तारू कललं! बुडशील रं!" शेवटी एकदा त्याने गाडी अडवलीच. डाव्या चाकावरच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पोलादी पाटे सुटे केले आणि माझ्यापुढे धरले. "ही कमान? हिच्यावर भाकरी थापशील!" एकेक पाटा तापवून, ठोकून त्याने पुन्हा वाकवला, तेलात बुडवला, दिवसभर खपून सगळे परत बसवले. निघताना म्हणाला, "आता माल दोनी अंगाला सारका भर, बरं का." मी व्हय म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सवयीने जड टोपल्या उजवीकडेच रचल्या...

मग काय, गाडी उजवीकडे कलायला लागली. एका बाजाराच्या दिवशी चढणीवर दोरखंड तुटला नि दोन टोपल्या रस्त्यावर पालथ्या झाल्या. बायांनी मला उभा फाडला. माझा राग पहिल्यापासून नाकावर. दुसऱ्या दिवशी महादूदादा कुणाच्या तरी होडीचा नांगर सांधून द्यायला थळच्या बंदरावर आला होता. अख्ख्या बंदरासमोर मी त्याला नाही नाही ते बोललो. "डाव्या अंगाचं दुखणं उजव्याला दिलंस! लोहारानं कोयते करावे, मोटारीला हात लावू नये!" तो नांगर टेकवून निघून गेला.

सकाळी मात्र तो मांडीएवढ्या उंचीची बांबूची काठी घेऊन चालत माझ्या दारात आला. ओहोटीच्या कडक वाळूवर मला रिकामी गाडी उभी करायला लावली. हौद्याच्या कडेखाली डावीकडे काठी धरून त्याने कोयत्याने खूण केली. मग उजवीकडे धरली. खूण तंतोतंत तीच. "रिकामी सारकी हाय. पाट्यात खोट न्हाय. आता भरलेली तू मोज, खूण कर, आन मला आणून दाव." काठी मी बैठकीखाली भिरकावली.

काही महिन्यांनी, कुणी जवळ नसताना, मोजली एकदाची. भरलेली गाडी उजवीकडे तीन बोटं खाली! टोपल्यांकडे पाहिलं, तर जड तेवढ्या सगळ्या उजवीकडेच. सगळ्या उतरवल्या, दोन्ही अंगांना सारख्या लावल्या, पुन्हा मोजलं. दोन्हीकडे एकच माप. तिथे मी दुसरी खूण केली. तोवर गाडीवाले त्याच्याकडे जायचे थांबले होते. माझं कोयत्याचं वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झालं होतं, आणि तो खरोखरच कोयते करत बसला होता. उद्या जाऊ, परवा जाऊ, म्हणत मी वळणावर मान दुसरीकडे फिरवायला शिकलो. त्याने हाक मारणं कधीच सोडलं होतं. पण माझी गाडी आता सरळ चालते, हे त्याला रोज दिसत होतं. म्हणजे मला कळलंय, हे त्याला कळलं होतं. मी भेकड, दुसरं काय?

त्याच्या बाराव्याला काठी घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनींनी विचारलं, "ही कशाला आणली?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आधाराला." मांडीएवढी काठी, आधाराला! त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने दोन्ही खुणा चाचपल्या. "हे म्हणायचे, गाडी सरळ झाली, म्हंजी नाखव्यानं मोजलंन. येईल दावायला." मी रडलो. माझं चुकलं, म्हणालो. वहिनींनी काठी माझ्या हातात परत दिली. "मला नको दावू, भाऊ. बोललास बंदरावर. तिथंच दाव."

म्हणून हे लिहायला बसलो. लिहायला सोपं पडलं. बंदर माझ्या दारापासून दोनशे पावलांवर आहे, सकाळी सगळ्या होड्या लागलेल्या असतात, माणसं तीच आहेत. काठी दाराशीच उभी आहे.